ब्याण्णव टक्के

"ब्याण्णव," हेडाऊ म्हणाले आणि संगणकाचा पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला.

हेडाऊ आमच्या विद्यापीठाचे ग्रंथपाल. ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला त्यांची काचेची खोली होती आणि तिथे सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही दोघंच होतो. पडद्यावर रोशनीच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण उघडं होतं. पानंच्या पानं पिवळी झालेली. मधूनच एखादी ओळ पांढरी सुटली होती.

"ब्याण्णव टक्के काय?"

"मजकूर संगणकानं लिहिलेला असण्याची शक्यता."

"उचलेगिरी?"

"नाही, नाही. ती तपासणी वेगळी. त्यात पोरगी अगदी स्वच्छ आहे. ही यंदाची नवी तपासणी. कोणाचं चोरलं नाही, पण स्वतःही लिहिलं नाही, असं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, वीस टक्क्यांच्या वर गेलं की मला समितीला कळवावंच लागतं."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा संगणकाला दोन ओळींत विषय सांगितला की तो चाळीस पानं लिहून देतो, हे विद्यार्थ्यांना आमच्याआधी कळलं होतं. ते पकडायला विद्यापीठानं एक प्रणाली घेतली होती. तिनं पहिल्याच महिन्यात दोघांना पकडलं. त्यातल्या एकानं तर 'आपल्या विनंतीनुसार हे प्रकरण तयार केले आहे' ही संगणकाची ओळही तशीच छापून आणली होती. त्यामुळे त्या आकड्यांवर सगळ्यांचा विश्वास बसला होता. माझाही होता.

रोशनी मारबते माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. भंडाऱ्याकडच्या बोदरटोला नावाच्या गावची, ढिवर समाजातली. गावच्या तलावात मासे धरणाऱ्या घरातली ती पहिली एम.ए. तिच्या प्रबंधाचा विषय तिच्याच अंगणातला होता: तलावावर मासेमारी करणाऱ्या बायका आणि त्यांचं बदलतं जगणं. पाच वर्षं ती त्यावर राबत होती.

मी खोलीबाहेर आले आणि जिन्यात उभी राहून तिला फोन लावला. त्या क्षणी मी काय बोलायला हवं होतं ते मला आज माहीत आहे. तेव्हा मी म्हणाले, "रोशनी, मला खरं सांग. चौथं प्रकरण कोणाकडून करून घेतलंस?"

पलीकडे तिच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्हालापन असं वाटते?"

मला तसं वाटत होतं. तिची सुरुवातीची प्रकरणं मला आठवत होती. ओबडधोबड, वाक्यं एकात एक घुसलेली, 'पाणी'चं 'पानी', 'डोळे'चं 'डोरे'. शेवटच्या दोन वर्षांत तिचं लेखन एकदम गुळगुळीत झालं होतं. मी ते माझ्या शिकवण्याचं यश समजून विभागात चारचौघांना सांगितलंही होतं. आता तेच यश मला संशयास्पद वाटायला लागलं.

"समिती गुरुवारी बसणार आहे," मी म्हणाले. "तुझ्याकडे जे काही असेल ते सगळं घेऊन ये."

गुरुवारी ती आली ती खताच्या रिकाम्या पोत्यात वह्या भरून. पोतं दोघींनी धरलं होतं. दुसऱ्या बाजूला तिची आई होती, सुभद्राबाई. काटक बाई, रंग उन्हानं रापलेला, पायात रबरी चपला. मी त्यांना याआधी एकदाच भेटले होते, तेही घाईघाईत. त्यांनी मला हात जोडले आणि व्हरांड्यातल्या बाकावर पदर सावरून बसल्या.

"पोरीनं काई चोरी केली का, मॅडमबाई?" त्यांनी विचारलं.

"नाही, चोरी नाही."

"मंग बलावलं कायले?"

ते त्यांना कसं समजवावं मला कळेना. मी म्हणाले, "हिनं लिहिलेलं हिनंच लिहिलं का, एवढं विचारायचं आहे."

"हे का विचारनं झालं?" त्या म्हणाल्या. "घरातले सारेच झोपत, अन् हे पहाटं उठून लिवत बसे. चुलीजवर मी, कंदिलाजवर हे. तवा तं तिथं कोनी दुसरं नोयतं."

आत समितीचे अध्यक्ष बोकारे सर, हेडाऊ आणि मी, असे तिघंच होतो. बोकारे सर वाणिज्य शाखेचे. माणूस सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण आकड्यावर श्रद्धा. आकडा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं ते वर्गात मुलांना सांगत.

रोशनीनं पोत्यातल्या वह्या टेबलावर रचल्या. सतरा वह्या. काहींना पाण्याचे डाग, एकीला माशाचा खवला चिकटून सुकलेला. बोकारे सरांनी दोन-तीन वह्या चाळल्या. बायकांची नावं, वयं, किती वाजता तलावावर गेल्या, काय बोलल्या, सगळं तारखेनिशी.

"काम तुम्ही केलंय यात शंका नाही, मारबते," ते म्हणाले. "माहिती तुम्हीच गोळा केली. पण प्रश्न लिहिण्याचा आहे. ही टिपणं संगणकाला दिली आणि त्याच्याकडून प्रकरण लिहून घेतलं, असं झालं असेल ना?"

"नाही सर."

"हे पाहा, या वह्यांतली भाषा आणि प्रबंधातली भाषा, एका माणसाच्या वाटतात का तुम्हालाच?"

रोशनीनं समोरची उघडी वही मिटली.

सरांचा आवाज मऊ झाला. "मला तुमचं वाटोळं करायचं नाही. एक मार्ग सुचवतो. काही भागात संगणकाची मदत घेतली, असं लिहून द्या. सहा महिन्यांत ती प्रकरणं पुन्हा लिहा. विषय संपला. नाहीतर पूर्ण चौकशी लागेल आणि त्यात दोषी ठरलात तर नोंदणीच रद्द होईल. पाच वर्षं पाण्यात जातील. मॅडमशी बोला आणि ठरवा."

मी तिला व्हरांड्यात घेऊन आले. मी तिला काय सांगितलं ते लिहिताना आजही मला अवघड होतं. मी म्हणाले, "सही करून टाक. सहा महिन्यांचा प्रश्न आहे. पुढं कोणी विचारतही नाही."

"पन मी नाही केलं मॅडम."

"मला माहीत आहे."

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही. माहीत असतं तं तुम्ही सही कर म्हनल्या नसत्या."

तिनं एवढ्या वर्षांत मला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. सुभद्राबाई बाकावरून आमच्याकडे बघत होत्या. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण त्या उठून जवळ आल्या आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जे केलंच नाई, त्याच्यावर सई कायले कराची? आपन घरी जाऊ. तरा काई आटला नाई आपला." तरा म्हणजे त्यांचा तलाव.

"घरी नाही जाऊ आई," रोशनी म्हणाली. ती वळली, दारातून आत गेली आणि उभ्यानंच बोकारे सरांना म्हणाली, "सर, मला इथंच लिहायला द्या. तुमच्या समोर. विषय तुम्हीच सांगा."

बोकारे सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी टेबलावर बोटं वाजवली.

"बरं. प्रबंधातला विषय नको, तो पाठ असू शकतो. तुम्ही आज सकाळी घरून निघून इथपर्यंत कशा आलात, तेच लिहा. एक तास. फोन इथं ठेवा."

तिनं फोन ठेवला. हेडाऊंनी कोरे कागद दिले. खिडकीजवळच्या टेबलावर ती बसली आणि लिहू लागली. मी समोर बसून तिला पाहत होते. तिच्याबरोबर मी पाच वर्षं काम केलं, पण ती लिहिताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती एक वाक्य आधी ओठांत पुटपुटायची, मान हलवायची, पुन्हा पुटपुटायची, मग कागदावर उतरवायची. लिहून झालं की बोट ठेवून वाचायची आणि मगच पुढचं. नदीतल्या दगडांवरून पाय जपत पलीकडे जावं, तसं. तासाभरात दीड पान झालं.

हेडाऊंनी ते दीड पान आमच्यासमोर टंकलं. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. मग बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. रोशनी दाराशी उभी होती आणि तिच्यामागे उंबऱ्याबाहेर तिची आई.

हेडाऊ पडद्याच्या आणखी जवळ सरकले.

"किती?" बोकारे सरांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"काय?"

"चौऱ्याण्णव टक्के, सर." हेडाऊंनी आकड्यावर बोट ठेवलं. "या प्रणालीच्या मते, या मुलीनं आत्ता आपल्या डोळ्यांदेखत जे लिहिलं, ते संगणकानं लिहिलंय."

बोकारे सर उठले, पडद्याजवळ गेले, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग कागद उचलून उलटसुलट करून पाहिला. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यभर ज्याच्यावर भरवसा ठेवला त्यानंच ऐन वेळी तोंडघशी पाडावं, तसा झाला होता.

"हे कसं शक्य आहे?" ते म्हणाले.

त्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि मी वाचू लागले.

'प्रस्तुत प्रवासाचा प्रारंभ पहाटे पाच वाजता झाला. सदर प्रवासात संशोधक विद्यार्थिनीसमवेत तिच्या मातोश्री उपस्थित होत्या. प्रवासादरम्यान असे निदर्शनास आले की, बसमध्ये आसनव्यवस्था अपुरी होती. परिणामी, मातोश्रींना उभ्याने प्रवास करावा लागला. तथापि, त्यांनी कोणतीही तक्रार केली नाही. यावरून असे म्हणता येईल की...'

आई पहाटेच्या बसमध्ये दोन तास उभी राहिली, हे एक मुलगी अशा भाषेत लिहीत होती. आणि त्यातला शब्द न् शब्द माझ्या ओळखीचा होता. 'असे निदर्शनास आले की' हे माझं. 'तथापि' माझं. 'यावरून असे म्हणता येईल' हे तर माझ्या स्वतःच्या प्रबंधापासूनचं.

"रोशनी," मी विचारलं, "तू असं का लिहितेस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "असं म्हनजे कसं, मॅडम?"

"ही भाषा. ही कुठून आणलीस?"

मग टेबलाशी येऊन तिनं वह्यांच्या तळातून एक पातळ वही काढली. खाकी कव्हर घातलेली. ती उघडून तिनं माझ्यासमोर ठेवली. आत ओळीनं वाक्यं होती. नुसत्या सुरुवाती. 'प्रस्तुत विवेचनातून.' 'सदर माहितीच्या आधारे.' 'येथे नमूद करणे आवश्यक आहे की.' प्रत्येकापुढे तारीख.

"हे काय आहे?" बोकारे सरांनी विचारलं.

"सर, पहिल्या वर्षी मी लिहिलेलं सगळंच चुकायचं," रोशनी म्हणाली. "मॅडम पानभर खुणा करायच्या. बोली नको, भावना नको, मी नको, आई नको. बरोबर होतं त्यांचं. मग मी काय केलं, मॅडमनी खोडून वर जे लिहिलं अन् ज्या वाक्याला खूण केली नाही, ते या वहीत उतरवून ठेवलं. ते पास झालेलं वाक्य. पुढचं प्रकरण लिहिताना फक्त पास झालेलीच वाक्यं वापरायची. मधी आपली माहिती भरायची. दुसऱ्या वर्षी खुणा अर्ध्या झाल्या. चौथ्या प्रकरणाला एकपन खूण नव्हती. मॅडमनी खाली 'उत्तम' लिहिलं होतं."

ती हे तक्रारीनं सांगत नव्हती. अभ्यास कसा केला, ते सांगत होती. त्यात थोडा अभिमानही होता.

मी वही चाळत राहिले. शेवटपर्यंत तीनशेच्या वर वाक्यं होती. तिचं त्यात एकही नव्हतं.

मला गप्प बसता आलं असतं. रोशनी निर्दोष ठरलीच होती, ते दीड पान पुरेसं होतं. त्याच महिन्यात अधिष्ठातापदासाठी माझं नाव पुढे होतं, हेही त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. पण व्हरांड्यात मी तिला जे म्हणाले होते, ते माझ्या कानात अजून ताजं होतं.

"सर, माझं निवेदन नोंदवून घ्या," मी म्हणाले. "ही भाषा संगणकाची नाही. माझी आहे. मी हिचं बोलणं प्रत्येक पानावरून खोडत गेले आणि त्या जागी हे ठेवत गेले. आम्ही सगळे असंच लिहितो, संगणकही आमच्यासारख्यांचंच वाचून शिकलाय. तो हिला ओळखू शकला नाही. पण मीही पाच वर्षं हिचं वाचत होते आणि परवा हिला फोन करून विचारलं की कोणाकडून करून घेतलंस."

"मॅडम, हे इतिवृत्तात जाईल," बोकारे सर हळू आवाजात म्हणाले. "शब्दशः."

"जाऊ द्या."

त्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहिलं. मग रोशनीकडे वळले. साठीला टेकलेला तो माणूस खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "मारबते, तुमच्यावरचा आक्षेप समिती मागे घेते. आणि मी तुम्हाला वाटोळं-बिटोळं जे काही बोललो, ते विसरून जा." त्या दिवसाच्या इतिवृत्तात त्यांनी आणखी एक ओळ घातली: यापुढे केवळ आकड्यावरून कोणालाही बोलावलं जाणार नाही, आधी माणसाला भेटायचं. ती ओळ पुढं विद्यापीठाचा नियम झाली.

मी अधिष्ठाता झाले नाही. त्याचं कारण हेच होतं की दुसरं काही, मी कधी विचारलं नाही.

खरी गोष्ट मात्र त्यानंतरची. प्रबंध जसा होता तसा सादर करायला आता कोणतीच अडचण नव्हती. मी तिला तसं म्हणालेही. दुसऱ्या दिवशी ती विभागात आली आणि म्हणाली, "मॅडम, मला चार महिने द्या. चौथं प्रकरण परत लिहिते."

"कशाला? ते मंजूर झालंय."

"आईनं काल विचारलं, त्या कागदात माझ्याबद्दल काय लिवलं? मी वाचून दाखवलं. 'मातोश्रींना उभ्याने प्रवास करावा लागला.' तं ती म्हने, ही कोन बाई?" रोशनीला हसू आलं आणि लगेच डोळेही भरून आले. "चौथं प्रकरणपन तिचंच आहे मॅडम, अन् त्यातपन ती स्वतःला ओळखनार नाही."

चार महिन्यांचे सहा झाले. मधे ती दोनदा खचली. एकदा फोन करून म्हणाली, आता काहीच लिहिता येत नाही, ना तुमच्यासारखं, ना माझ्यासारखं. मी म्हणाले, "आज तलावावर काय झालं ते मला सांग." तिनं अर्धा तास सांगितलं. "हेच लिही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

नवं प्रकरण टपालानं घरी आलं. मी सकाळी वाचायला बसले ती दुपारचं जेवण विसरले. आकडे होते, तक्ते होते, संदर्भ होते, शिस्त कुठंही सुटली नव्हती. पण आता त्यात बायका चालत होत्या, भांडत होत्या, मच्छीमार सोसायटीच्या सभेत मागच्या रांगेतून उठून पुढे येत होत्या. सव्विसाव्या पानावर मी एका वाक्याशी अडखळले. 'गढूळ पाण्यात माझी आई पायांनी पाहते.'

मी फोन लावला. "रोशनी, सव्विसाव्या पानावर 'पाहते' आहे. 'शोधते' म्हणायचंय का तुला?"

"नाही मॅडम, पाहते."

"पायांनी?"

"थांबा, आईलाच देते."

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. मग सुभद्राबाई बोलल्या, फोनवर बोलताना माणसं बोलतात तसं मोठ्यानं. "मॅडमबाई, हे असं फोनात नाई सांगता येत. तुमी याच."

मी त्या रविवारी गेले. सकाळची नऊची वेळ, तलावावर ऊन नुकतंच पसरत होतं. काठावर सहा-सात बायका होत्या. त्यांनी माझ्या साडीकडे आणि माझ्याकडे पाहून तोंडाला पदर लावला. सुभद्राबाईंनी मला कासोटा घालून दिला, माझा हात धरला आणि आम्ही उतरलो. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. तळाचा चिखल थंड आणि मऊ होता. मागून रोशनी सांगत होती, "पाय उचलू नका मॅडम, सरकवत चला. खाली बघू नका, दिसत नाही काही. घाई नका करू."

आम्ही थांबलो. बराच वेळ काहीच झालं नाही. आणि मग माझ्या डाव्या तळव्याला लागून काहीतरी जिवंत, गुळगुळीत, एका झटक्यात सरकून गेलं. मी ओरडलेच. काठावरच्या बायका खो खो हसल्या.

सुभद्राबाईंनी माझा हात सोडला नव्हता.

"पायला?" त्यांनी विचारलं.

"पाहिला," मी म्हणाले.